सोनगीरच्या आजी जेवल्या नव्हत्या

माझं तोंड पहिल्यापासून तिखट. नर्सिंगला धुळ्याला गेले तेव्हा आई म्हणाली होती, "हिच्या हातनं कोणी मरणार नाही, हिच्या बोलण्यानं मरतील." प्रत्यक्षात उलटंच झालं. पेशंटांना माझं बोलणं भारी आवडायचं. आमच्या वॉर्डात बायका मला हाक मारून बोलावून घ्यायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, माझ्या लग्नासाठी स्थळं सुचवायच्या. मला वाटायचं, आपण आत्ताच अर्ध्या नर्स झालोय.

आज मी जळगावात स्टाफ नर्स आहे, म्हणून हे हसत सांगता येतं. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कॉलेजने माझं नाव काढून टाकलं होतं. कारण कागदावर छापील होतं: क्लिनिकल कामगिरी असमाधानकारक. मार्क कमी पडून नापास झालेली मुलगी पुन्हा परीक्षेला बसते. माझ्याबाबतीत सरळ सांगितलं होतं की हिला पेशंटजवळ उभं करू नका.

तशी त्यांच्याकडे फाईल होती. वॉर्डात सकाळी प्रत्येक पेशंटची नाडी, ताप आणि श्वास मोजून तक्ता भरायचा असतो. नाडी मी मोजायचे. श्वास मात्र एक मिनिटभर पेशंटच्या छातीकडे बघत कोण बसणार? माझ्या तक्त्यात सगळ्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला अठरा. एकदा दम्याचा एक पेशंट भात्यासारखा धापा टाकत बसला होता आणि तक्त्यात त्याच्यापुढेही अठरा. आमच्या क्लिनिकलच्या मॅडमनी तक्ता त्याच्या खाटेला टांगला, मला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "मोज. मोठ्यानं मोज." छत्तीस भरले. पहिली नोंद फाईलला लागली. दुसरी नोंद तापाची. थर्मामीटर सापडेना म्हणून मी आईसारखा पालथा हात कपाळाला लावला आणि नॉर्मल लिहून मोकळी झाले. तेव्हाही मी मनात म्हटलं, बाई उगाच डोक्यावर बसलीय.

तिसरी नोंद सोनगीरच्या आजींची.

पायाला जखम आणि जुनी साखर, म्हणून त्या भरती होत्या. त्यांना दुपारचं इन्सुलिन असायचं. नियम असा की ताट पेशंटच्या समोर आलेलं आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच सुई द्यायची. त्या दिवशी मला उशीर झाला होता. मी आजींपाशी गेले आणि रोजच्यासारखं विचारलं, "आजी, जेवण झालं का?" त्या हसून म्हणाल्या, "हाव माय, व्हई गयं." दोन खाटा पलीकडे सिस्टर सलाईन लावत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "जेवल्या का त्या?" मी म्हटलं, "हो, जेवल्या." "मग दे," त्या म्हणाल्या. मी सुई दिली आणि तक्त्यात लिहिलं, दुपारचे जेवण घेतले. खाली झोकात सही केली.

पाऊण तासाने आजी घामाने निथळत होत्या. मला त्यांची बहीण समजून माझ्याशी बोलत होत्या. सिस्टर धावत आल्या, साखर बघितली, शिरेतून ग्लुकोज दिलं. मी नुसती खाटेचा गज धरून उभी. आजी शुद्धीवर येत होत्या तेवढ्यात त्यांची सून दारातून धापा टाकत आली. सोनगीरहून येणारी तिची गाडी हायवेवर बंद पडली होती. तिच्या हातातला डबा गच्च भरलेला होता. तो उघडला तेव्हा सगळ्या वॉर्डाला कळलं की आजी सकाळपासून उपाशी होत्या.

प्रिन्सिपॉलच्या खोलीत मी बरीच बडबड केली. सिस्टरनीच दे म्हटलं होतं. आजीच खोटं बोलल्या. गाडीच बंद पडली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! क्लिनिकलच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या हाताला काही दोष नाही. तू पाहत नाहीस. तू धरून चालतेस. अशा मुलीच्या हातात मी सुई देऊ शकत नाही." संध्याकाळच्या आत मला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही काढलं.

मला न्यायला नाना आले. माझे वडील रावेरकडे केळी पिकवतात, बोलणं मोजकंच. हॉस्टेलच्या पायरीवर माझी पेटी उचलता उचलता त्यांनी एवढंच विचारलं, "मले एक सांग, म्हातारी वाचली ना?"

"वाचली."

"मंग चाल घरी."

बसमध्ये जळगाव येईपर्यंत मी रडले. नानांनी खिडकीकडे तोंड करून मला रडू दिलं.

गावात मी सिस्टर होते. पहिल्या वर्षीच लोक बीपीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आमच्या ओट्यावर यायचे आणि मीही डॉक्टरीण असल्यासारखी मान हलवायचे. आता शेजारणीने विचारलं तर मी म्हटलं, परीक्षेची सुट्टी आहे. दोन दिवस ती सुट्टी बरी चालली. तिसऱ्या दिवशी नानांनी चहाच्या टपरीवर, चारचौघांत, कोणी न विचारता सांगून टाकलं, "सुट्टी नाही. काढून टाकलं तिले. चूक झाली तिच्याकून." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बाप आहे की वैरी, असं आईला म्हणालेसुद्धा. आई म्हणाली, "बाप आहे म्हणूनच. आता कोणी विचारायले येणार नाही, झोप निवांत."

निवांत कसली! मी बागेत केळीची पिलं कापायला जाऊ लागले. बुंध्याशी उगवलेलं प्रत्येक पिल मला मॅडमसारखं दिसायचं आणि विळा सपकन बसायचा. नाना खूश, बाग स्वच्छ होत होती. पण राग काही कापून संपेना. आजींनी खोटं का सांगितलं? हो म्हणायची काय गरज होती? नुसतं 'नाही' म्हणाल्या असत्या तर मी आज वॉर्डात असते. रोज जेवताना हेच पुराण. शेवटी आईने भाकरी ताटात आपटली. "मले काय विचारते? जाय, तिलेच विचार!"

मी खरोखरच गेले.

पहाटेची पहिली बस धरली. जळगावला बदलली, धुळ्याला बदलली. मनात भांडणाची तयारी चालली होती, त्यामुळे चहासुद्धा घेतला नाही. सोनगीरच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानांसमोरून, विचारत विचारत, किल्ल्याच्या अंगाला असलेल्या त्यांच्या घरी पोचले. पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, तर भांडत होते.

आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पायाची जखम भरली होती. मला बघताच त्यांचं तोंड फुललं. "ये माय, नर्सबाई! बस आठे." आणि मी टेकायच्या आतच त्यांनी विचारलं, "जेवन व्हयनं का?"

"हो आजी, जेवून आले," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेला आणि मी तिथेच थिजले. मला कोणी शिकवलं नव्हतं. क्षणाचाही विचार न करता, रिकाम्या पोटी, मी तेच वाक्य बोलले होते ज्याचा जाब विचारायला तीन बस बदलून आले होते. आपल्याकडे असंच असतं. दारी आलेला माणूस कितीही भुकेला असला तरी जेवून आलोय म्हणतो, कारण नाही म्हटलं की समोरच्या बाईला चूल पेटवावी लागते. खरं ऐकायला कोणी प्रश्न विचारत नाही आणि खरं सांगायला कोणी उत्तर देत नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं. पांढरा कोट घातला आणि विसरले.

सून आतून आली. तिने मला काहीएक विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, दाळ, ठेचा असं भरलेलं ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. मी तीन भाकरी खाल्ल्या. जेवून आलेली मुलगी तीन भाकरी खातेय म्हणून आजी पदरात तोंड लपवून हसत होत्या.

मग मी सगळं सांगितलं. भांडायचं राहूनच गेलं. आजींनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणाल्या, "मी नही म्हनती ते तुन्हा डबा तू माले दी टाकती. मंग तू काय खाती?" त्या दुपारी वॉर्डात, अंगात साखरेचा घोळ असताना, ही बाई माझ्या डब्याची काळजी करत होती. त्या काठी शोधायला लागल्या. "चाल, मी येस तुन्हासंगे. मी सांगस तुन्ही मॅडमले."

खरं सांगायचं तर मी नेमकं हेच घ्यायला आले होते. साक्षीदार. आजी मॅडमसमोर उभ्या राहून म्हणाल्या असत्या की माझंच चुकलं, तर माझी बाजू किती जड झाली असती! पण त्यांनी सांगितलं तरी काय असतं? 'मी हो म्हणाले', एवढंच. आणि त्या हो म्हणणार हे तर मला आत्ताच माझ्याच तोंडाने कळलं होतं. ताट मी बघायला हवं होतं. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

निघताना सून मला फाट्यापर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "आमना गावमा जेवन व्हयनं का इचारं ते कोनीज नही म्हनत नही. भाजी कसानी व्हती, आस्सं इचारानं." मी थांबून तिच्याकडे बघितलं. दीड वर्ष मी पुस्तकं पाठ केली होती, आणि पेशंटशी कसं बोलायचं हे मला ही बाई रस्त्याच्या कडेला उभी राहून शिकवत होती.

घरी न जाता मी तशीच धुळ्याला कॉलेजात गेले. मॅडम निघायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "मॅडम, चूक माझीच होती. परत यायला काय करावं लागेल तेवढं सांगा." त्यांनी खांद्यावरची पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. मी पुन्हा काही सबब सांगते का याची वाट बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "वर्षभर एखाद्या दवाखान्यात काम कर. सुईला हात न लावता. तिथल्या डॉक्टरांचं पत्र आण. मी प्रिन्सिपॉलशी बोलेन. घेतलंच तर सहा आठवडे माझ्या नजरेखाली राहशील. त्यात एक जरी नोंद न बघता केलीस तर कायमची घरी."

जळगावला पिंप्राळ्यात माझी मावशी राहते. तिच्याकडे राहून मी एका छोट्या ऑपरेशनच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. चादरी बदल, शौचाचं भांडं दे, पेशंटला धरून चालव, फरशी पूस. माझ्या वर्गातल्या मुली तिकडे सुया देत होत्या आणि मी इकडे भांडी धूत होते. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? मावशीच्या शेजारणीला मी सांगितलं होतं की दवाखान्यात काम करते, काय काम ते सांगितलं नव्हतं. पण एक झालं. सुई नाही, तक्ता नाही, सही नाही. करायला उरलं फक्त बघणं. कोण कुशीवर झोपलं की कण्हतो, कोणाचा डबा तसाच परत जातो, कोण गोळी उशीखाली सारतो, हे मला कळायला लागलं.

एका सकाळी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी जामनेरकडचे एक शेतकरी काका आले होते. भूल द्यायची म्हणून उपाशीपोटी यायला सांगितलेलं. सिस्टरने विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही विचारलं. तिघांनाही काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "काहीच खाल्लं नाही." मी त्यांना गाऊन चढवत होते. सहज म्हटलं, "काका, सकाळच्या चहात काय बुडवलं? खारी की टोस्ट?"

"टोस्ट," काका म्हणाले. "चारच."

मी बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं. ते चिडून आत गेले आणि चकित होऊन बाहेर आले. काकांच्या दृष्टीने ते खोटं बोललेच नव्हते. आमच्याकडे भाकरी मोडली तर ते खाणं. चहा-टोस्ट म्हणजे नुसतं तोंड धुणं! भरल्या पोटावर भूल दिली असती आणि उलटी फुफ्फुसात गेली असती तर काय झालं असतं हे त्या दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. काका पुढे आठ दिवस माझ्यावर रुसले होते, मी चुगली केली म्हणून. डॉक्टर मात्र त्या दिवसापासून राउंडला मला शेजारी उभं करायला लागले आणि वर्ष भरल्यावर त्यांनी दोन पानी पत्र लिहून दिलं. पत्र हातात घेऊन मी रिक्षात बसले आणि पिंप्राळा येईपर्यंत तीनदा वाचलं. रिक्षावाल्याला वाटलं, कोणाचं तरी लग्न ठरलं.

कॉलेजने घेतलं. माझ्यापेक्षा एक वर्ष मागे असलेल्या मुलींच्या वर्गात, मागच्या बाकावर. त्यांना माझी गोष्ट माहीत होतीच. मी येताच कुजबुज थांबायची. मी दुसऱ्या दिवशी स्वतःच उभी राहून सगळं सांगून टाकलं, श्वास अठरापासून डब्यापर्यंत. नानांची टपरीवरची युक्ती मला तेव्हा पटली. एकदा सगळ्यांना कळलं की माणूस मोकळा होतो.

सहा आठवडे मॅडम माझ्या मागे सावलीसारख्या. मी नाडी मोजली की त्या मोजायच्या. मी ड्रेसिंग बघितलं की त्या बघायच्या. माझ्या प्रत्येक नोंदीपुढे त्यांची सही, आणि सही प्रत्येक वेळी पेशंटपाशी जाऊन आल्यावरच. पेशंटांना वाटायचं, आपला आजार मोठा आहे, म्हणून दोन-दोन जणी येतात. मला राग यायचा. गिळायचे. पण चूक मात्र एकही सापडू दिली नाही. पहिल्या आठवड्यात त्या शोधायला यायच्या, हे मला दिसत होतं. पाचव्या आठवड्यात नुसत्या यायच्या, हेही दिसत होतं.

सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी वॉर्ड तुडुंब भरला होता. दुपारपर्यंत मॅडम पार थकून टेबलाशी बसल्या होत्या. मी साखरेच्या पेशंटांचा तक्ता पूर्ण करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वरून खाली एकदा नजर फिरवली, पेन उघडलं आणि खुर्चीतून न उठता सहीसाठी हात टेकवला.

ही सही झाली की सहा आठवडे संपले. गप्प बसायचं होतं, बस्स. एवढं सोपं काम माझ्याच्याने आयुष्यात कधी झालं नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "तुम्ही बघितलं नाही."

टेबलाभोवती उभ्या असलेल्या चारही मुली माझ्याकडे वळल्या. मॅडमनी मान वर केली. मला वाटलं, संपलं. हात दाखवून अवलक्षण. कोणत्या मुलीने आपल्या मॅडमला असं सांगितलंय? त्यांनी पेनाचं टोपण लावलं, उठल्या आणि पहिल्या खाटेपाशी गेल्या. प्रत्येक पेशंटचं ताट बघितलं. एकाला विचारलं, भाजी कोणती होती. शेवटच्या खाटेवरच्या बाईचा श्वास घड्याळ धरून पुरं एक मिनिट मोजला. मी टेबलाशी उभी राहून बघत होते.

परत येऊन त्या बसल्या. सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी सही केली. मग माझा देखरेखीचा कागद काढून शेऱ्याच्या रकान्यात, जिथे सहा आठवडे एक अक्षर पडलं नव्हतं, त्यांनी सावकाश लिहिलं: स्वतंत्रपणे काम करण्यास योग्य. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "उद्या सकाळचा राउंड तुझा. मी मागे येणार नाही."

मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. मला हळू रडता येत नाही. बाहेर दोन पेशंट उठून बसले म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांचा ट्रे घेऊन मी वॉर्डात शिरले. दारात सवयीने थांबले आणि मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मॅडम लांब टेबलाशी चहा पीत, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मला इतका आनंद झाला की ट्रे घेऊन नाचावंसं वाटलं. मी ट्रे घट्ट धरला आणि पहिल्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले.